कारल्याचा रस आणि आत्याचा डोळा

माझ्या आत्याला पंधरा वर्षं मधुमेह होता, पण तिचा एकही रिपोर्ट कधी वाईट आला नाही. रक्तातली साखर तपासायचं शिबिर जाहीर झालं की दोन दिवस आधीपासून भात बंद, चहा कोरा आणि सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस. रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी वाटीभर शिरा. "परीक्षा झाली, आता सुट्टी," म्हणायची. तिचं बघून चौलातली आमची अख्खी आळी हेच करायला लागली. शिबिराच्या आदल्या दिवशी बाजारात कारलं औषधालाही मिळायचं नाही. मी आरोग्य केंद्रात नर्स. कागदावर आमच्या आळीइतकी निरोगी माणसं तालुक्यात नव्हती!

नजरेचा तिला भारी तोरा. सुईत दोरा एका झटक्यात ओवायची आणि चष्मेवाल्यांची कीव करायची.

मग एका शिबिरात डोळ्यांचं यंत्र आलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं मिनिटभरात सांगायचं, ठीक आहे की मोठ्या डॉक्टरांकडे धाडा. उद्घाटनाच्या बॅनरवर पुढाऱ्यांचेच इतके फोटो, की डोळ्याला जागा उरली नव्हती. पहिला मान सरपंचांचा. यंत्र म्हणालं, डॉक्टरांकडे धाडा. मंडपात सर्वानुमते ठरलं की रेंज नाही, आणि सरपंच हार सावरत उठले.

पाठोपाठ आत्या बसली. पोटात कारलं, पिशवीत डॉक्टरांसाठी नारळ. तिलाही तेच उत्तर. मी समजावलं, रक्त दोन दिवसांत फसतं, पण पडद्यावर पंधरा वर्षांचा शिरा दिसतो.

"सरपंचांनाबी हेच सांगतंय ना? मग बिघडलंय ते," आत्या म्हणाली आणि नारळ घेऊन घरी गेली.

तिला हाताला धरून तेव्हाच अलिबागला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. मी रागावले आणि पुढचं नाव पुकारलं. ते मला अजून लागतं.

चार महिन्यांनी गजरा ओवताना तिच्या डाव्या डोळ्यापुढे काळोख आला. आत रक्त उतरलं होतं. लेझर करून उजवा वाचला, डावा गेला.

पुढच्या शिबिरात ती दारातच खुर्ची टाकून बसली. येईल त्याला तोंड उघडायला लावून वास घ्यायची. कारल्याचा वास आला की चार शब्द सुनवायची आणि आधी यंत्रापुढे बसवायची. सरपंच भाषणाला आले, तर त्यांचीही वाट अडवली.

"आधी तिथं बसा," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही उठलात म्हणून मी उठले. माझा एक गेला."

सरपंच मुकाट्यानं बसले. त्यांचे दोन्ही डोळे वाचले.

आत्या गेल्या वर्षी गेली. परवा शिबिराच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेले होते. भाजीवाली कुरकुरत होती, हल्ली शिबिर असलं तरी कारली खपत नाहीत. तिच्यापुढे ढीग तसाच पडून होता. मला तिथंच रडू आलं.