हार घातलेला सर्व्हर

खंडेनवमीला आमच्या चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी पूजेत जाते आणि दुसऱ्या पाळीला लाइन सुरू होते. ऑर्डर कुणासाठी थांबत नाही. त्या वर्षी साहेबांच्या मनात आलं, निदान एका मशीनला तरी दिवसभर आराम मिळावा. त्यासाठी त्यांना सापडला सर्व्हर. तो बंद करून त्यांनी त्याला झेंडूचा हार घातला, बटणावर कुंकू लावलं.

"साहेब, आपली वेबसाइट त्याच्यावरच चालते," मी म्हणाले. साइट सांभाळणं माझं काम.

"मग नवीन अ‍ॅक्सिलरेटर कशाला घेतला? बघा, कशी पळतेय!" त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पान खरंच क्षणात उघडलं. माझं डोकं फिरलं. आमच्याच कॅन्टीनचं उदाहरण देऊन मी त्यांना कितीदा समजावलं होतं: अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे काउंटरवर आधीच भरून ठेवलेल्या पोह्यांच्या डिशा, तशा साइटच्या पानांच्या तयार प्रती, चटकन हातात पडतात. लोड बॅलन्सर म्हणजे रांग दोन खिडक्यांत वाटून देणारा माणूस. पण पोहे होतात आत, शेगडीवर, आणि शेगडी म्हणजे हा सर्व्हर, त्यातला डेटाबेस. ती विझवली तर काउंटरवर कालचेच पोहे राहणार. साहेब तेव्हा नुसते हसले होते.

दुपारी गेटवरून फोन आला. तळवड्याचे एक वर्कशॉपवाले काका ब्रेकच्या पिना घेऊन टेम्पोसह बाहेर अडकले होते, तेच बोलत होते. साइटवर स्लॉट, म्हणजे माल उतरवायची वेळ, मिळाल्याशिवाय बॅरिअर उघडत नाही, आणि साइट म्हणत होती, स्लॉट शिल्लक नाही. ते कालचं पान होतं. काका बिचारे सकाळपासून तेच उघडून बघत होते. दुसऱ्या पाळीच्या भोंग्याआधी माल आत गेला नाही तर लाइन थांबणार होती, आणि पुन्हा लाइन थांबली तर तुमचं काम बंद, अशी ताकीद त्यांना आधीच मिळालेली.

"काका, सर्व्हर पूजेला बसवलाय," मी म्हणाले. सांगतानाच लाज वाटली.

"आमी बी लेथला हार घातला व्हता, ताई. पण पिना राह्यल्या व्हत्या. हात जोडले, हार काढला अन् लेथ चालू केली. करणार काय?"

साहेब प्रसाद वाटत होते. मी त्यांना विचारलंच नाही. फोन न कापता सर्व्हर रूममध्ये गेले; हात जोडले, हार उतरवला, बटण दाबलं. पडद्यावर ओळी इतक्या सावकाश सरकत होत्या की मला रडू फुटेलसं वाटलं. मग अ‍ॅक्सिलरेटरमधली जुनी प्रत पुसली. नवं पान रेंगाळत उघडलं, पण त्यावर स्लॉट होता.

"काका, स्लॉट घ्या पटकन!" मी फोनवर ओरडले.

पलीकडे बॅरिअर उघडल्याचा आवाज आला, टेम्पो आत शिरला, आणि भोंगा वाजला.

मागे दारात साहेब उभे होते. "कुणी सांगितलं हात लावायला? साइट तर चालूच होती."

माझ्या हातातला फोन अजून सुरू होता. "ताई, घेतला माल त्यांनी," काका म्हणाले आणि रडायला लागले. मी फोन साहेबांच्या हातात दिला.