मेकॅनिकल शाखा वाचवली ते वर्ष

बारामतीजवळच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात माझी प्राचार्य म्हणून निवड झाली, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की ती खुर्ची मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांनाच मिळणार. मलाही तसंच वाटत होतं. त्या सरांनीच मला शिकवलेलं. बातमी कळली तशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मी अजूनही नको म्हणू शकते."

"नको म्हणायला मुलाखत दिलीस का?" ते म्हणाले आणि चहा मागवला. त्यानंतर चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणायला लागले. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं, त्यांना मुळीच नाही.

पुढच्या प्रवेशांच्या वेळी जो तो कॉम्प्युटर मागू लागला. मेकॅनिकलचे वर्ग ओस पडले. शाखा बंद करावी, असं संस्थेच्या बैठकीत निघालं. मी एक वर्षाची मुदत मागून घेतली.

"मुदत मागितलीस ना, आता मुलं शोधत फिरायचं," सर म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. तरी त्यांच्याच गाडीतून आम्ही सुपे, माळेगाव, इंदापूरकडची गावं पालथी घातली.

लोणी भापकरच्या एका मुलीला मेकॅनिकलच हवं होतं, पण वडील तयार नव्हते. "लोखंडाचं काम पोरीचं न्हाय. कॉम्प्युटर असंल तर बघू," ते म्हणाले.

मी कंपन्या, नोकऱ्या, पगार सगळं सांगून पाहिलं. ते नकारार्थी मान हलवत राहिले. मग सर म्हणाले, "दादा, या मॅडम मेकॅनिकलच्याच. इंदापूरच्या शेतकऱ्याची लेक. मी शिकवलंय यांना. आता मी यांच्या हाताखाली काम करतो."

"तुमी? यांच्या हाताखाली?"

"व्हय. आणि बरं चाललंय."

मी पोह्यांच्या बशीत बघत बसले. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं. आतून मुलीची आई म्हणाली, "जाऊ द्या की तिला."

त्या मुलीनं प्रवेश घेतला. तिच्यामागून तिच्या दोन मैत्रिणी आल्या. वर्ग भरला नाही, पण अर्ध्याच्या वर गेला, आणि शाखा बंद करायचा विषय मागे पडला. ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे.

सर निवृत्त होऊन इंदापूरकडे डाळिंबाची बाग करतात. एखादा निर्णय जड गेला की मी फोन लावते. ते सल्ला असा कधी देत नाहीत. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारतात. मी सांगत जाते, आणि सांगता सांगता माझं मलाच उमगतं. मग ते बागेचं बोलतात, यंदा फुलं कशी लागलीत ते. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण फोन ठेवायची घाई मी कधी करत नाही.