जाऊबाईंना काहीच दुखत नाही

खरं सांगते, मला माझ्या मोठ्या जाऊबाईंचा हेवा वाटतो. शुगर आम्हा दोघींना. मी मोजून भाकरी खाते, तरी गुडघे ठणकतात. त्या बट्टीवर तूप ओततात, मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालतात आणि वर म्हणतात, "माले काहीच दुखत नही!"

सासूबाई मला ऐकवतात, "मोठीकडून शिक काही."

आज सकाळी बट्ट्या तळताना जाऊबाईंना दरदरून घाम फुटला, धाप लागली. "ऊनच तेवढं शे," म्हणाल्या. मला मनातून बरंच वाटलं. दमल्या एकदाच्या!

पुतण्याने ऐकलं नाही, जळगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. जुन्या शुगरने नसा बधिर होतात, मग छातीत कळ येतेच असं नाही." त्यांनी पाय तपासले. टाचेला भाजल्याचा मोठा फोड होता आणि जाऊबाईंना पत्ताच नव्हता.

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्या आजारावर जळत होते.

आता सगळं घर आयसीयूच्या दाराशी आहे. माझ्या गुडघ्यांना अजूनही कोणी विचारत नाही. पण ते दुखतायत, हे आज मला बरं वाटतंय.

तुमच्या घरी "मला काही दुखत नाही" म्हणणारं शुगरचं माणूस आहे? त्यांचे तळपाय शेवटचे कधी बघितलेत?