कडुनिंबापासून कडुनिंबापर्यंत

भिंगारच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी पळणारी एक मुलगी मला रोज पहाटे दिसायची. ओढणी कमरेला घट्ट बांधून ती कडुनिंबापासून निघायची आणि फेरी संपली की त्याच झाडाला हात लावायची. मी विज्ञानाचा मास्तर, वर्गाबाहेरही शिकवायची खोड. एकदा म्हणालो, "अगं, निघालीस तिथंच आलीस. म्हणजे विस्थापन शून्य, आणि सरासरी वेगही शून्य."

"ठाव हाय सर," ती धापा टाकत म्हणाली. "पन भरतीत पळाल्यालं अंतरच मोजत्यात." आणि पुढच्या फेरीला लागली.

परवा एसटी स्टँडवर ती पत्र्याची पेटी घेऊन दिसली. ट्रेनिंगसाठी नागपूरला निघाली होती. गाडी हलली तशी खिडकीतून म्हणाली, "सर, आता काढा की माझा वेग."