चार फ्रेमचे दहा फॉल्ट

"मॅडम, मॉडेल आन्सरमध्ये आठ आहे, म्हणजे आठ. पुढचा पेपर घ्या."

हे सहस्रबुद्धे सर, आमचे मॉडरेटर. म्हणजे आम्ही तपासलेल्या पेपरांवर नजर ठेवणारे आणि ज्याच्याशी उत्तरं ताडून मार्क द्यायचे ते मॉडेल आन्सर आमच्या हातात देणारे. नौपाड्यातल्या एका कॉलेजात पेपर तपासणी चाललेली. मी डोंबिवलीहून रोज जायचे. मे महिना, वर्गात दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करायचा.

पेपर होता 'ऑपरेटिंग सिस्टिम्स अँड कॉम्प्युटर नेटवर्क्स'. नव्वदच्या दशकाचा मध्य. विषय नवा, शिकवणारे जुने. सहस्रबुद्धे सर मूळचे इलेक्ट्रॉनिक्सचे, मी गणिताची. लायब्ररीतल्या एकुलत्या एका कॉपीवर मी हा विषय शिकले आणि मग शिकवला. मुलं गाईडवर शिकली. आणि सरांनी मॉडेल आन्सर त्याच गाईडवरून उतरवलेलं.

भांडण ज्यावरून झालं तो प्रश्न सांगते, सोपा आहे. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे आपलं टेबल. टेबलावर तीनच रजिस्टरं मावतात असं धरा. चौथं लागलं तर कपाटातून आणायचं आणि टेबलावर जे सगळ्यात आधी आलं ते परत कपाटात ठेवायचं. टेबलावरच्या एका जागेला म्हणतात फ्रेम. कपाटापर्यंतच्या प्रत्येक फेरीला म्हणतात फॉल्ट. प्रश्नात बारा मागण्यांची यादी दिलेली. तीन फ्रेम असतील तर किती फॉल्ट, चार असतील तर किती, आणि निकालावर भाष्य करा. आठ मार्क: तीन फ्रेमला चार, चार फ्रेम आणि भाष्य मिळून चार.

तीन फ्रेमला नऊ. त्यावर वाद नव्हता. चार फ्रेमला खरं उत्तर दहा येतं, गाईडमध्ये आठ छापलेलं. पुढच्या गणितात वेगळा नियम वापरलाय, त्याचं आठ चुकून इकडे आलेलं.

पडताळणीसाठी माझ्या हातात जो पेपर आला होता त्यात मुलाने किंवा मुलीने दहा लिहिलं होतं. मग खोडलं. मग पुन्हा सगळं मांडून पुन्हा दहा. खाली पेन्सिलने: 'सर, तीनदा केलं, दहाच येतं. कृपया बघावे.' आधी तपासणाऱ्याने त्यावर लाल शून्य काढलं होतं. एकूण मार्क छत्तीस. पासिंग चाळीसला. म्हणजे बरोबर उत्तर लिहिल्याबद्दल या मुलाला केटी लागणार होती, हा विषय पुन्हा द्यावा लागणार होता.

मी पेपर घेऊन सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, दहा बरोबर आहे. मी आत्ता करून बघितलं."

"मॅडम, मेमरी वाढवल्यावर फॉल्ट वाढतात? थोडा कॉमन सेन्स वापरा."

"कॉमन सेन्सने सुटत नाही, म्हणून तर 'भाष्य करा' म्हटलंय ना सर."

"भाष्य म्हणजे काय, मेमरी वाढवली की काम सुधारतं, हेच. अकरा बंडलं तपासून झालीत. आता नवीन काही काढू नका."

मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, कागद लांब धरला, परत दिला. "कुठेतरी गडबड झालीय तुमची." कुठे, ते सांगेनात. पुन्हा मांडलं. तेव्हा म्हणाले, गाईड चार वर्षं चालतंय, कोणी तक्रार केली नाही. हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं.

दाराशी भोईरमामा बसले होते. माजिवड्याचे, कॉलेजचे जुने शिपाई. मी म्हटलं, "मामा, जरा पाच रजिस्टरं काढाल का कपाटातनं?"

रजिस्टरांवर खडूने एक ते पाच आकडे घातले आणि ती परत कपाटात ठेवली. सरांसमोरचं टेबल रिकामं केलं. "मी नंबर सांगेन. टेबलावर असेल तर काही करायचं नाही. नसेल तर आणायचं. जागा तीनच. भरली की जे आधी आलं ते परत न्यायचं. सर, फेऱ्या तुम्ही मोजा."

सर नाइलाजाने पेन घेऊन बसले. बाकीचे तपासनीसही हातातलं टाकून बघायला लागले. मी यादी वाचली, मामा ये-जा करत राहिले. नऊ फेऱ्या झाल्या.

"हे मान्यच आहे," सर म्हणाले.

"आता जागा चार."

एक, दोन, तीन, चार. चार फेऱ्या. मग पुन्हा एक मागितलं, टेबलावर होतं. दोन मागितलं, तेही होतं. सर माझ्याकडे बघून हसले. मागच्या वेळी इथपर्यंत सहा फेऱ्या झाल्या होत्या. मग मी पाच मागितलं. मामांनी पाच आणलं, एक परत नेलं. मी म्हटलं, एक द्या.

"आताच ठेवला ना तो!"

"द्या मामा."

एक आलं, दोन गेलं. मी दोन मागितलं. दोन आलं, तीन गेलं. मी तीन मागितलं. मागेन ते नेमकं नुकतंच कपाटात गेलेलं. यादी संपली तेव्हा मामा कपाटाला टेकून उभे होते.

"म्याडम, टेबल वारवला तरी माजी खेप कशी वारली?"

टेबल वाढवलं तरी फेऱ्या वाढल्याच होत्या. सरांच्या कागदावर दहा रेघा होत्या. त्यांनी त्या पेनाच्या टोकाने दोनदा मोजल्या. मग हळूच विचारलं, "पण हे असं का होतं?"

"कारण नियम फक्त आधी कोण आलं ते बघतो सर. पुढे कोण लागणार आहे ते बघत नाही."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं, झालं काम.

कसलं काम! पाच मिनिटांत त्यांना अकरा बंडलं आठवली. सील झालेली. उघडायची तर वरून परवानगी, मग रिझल्ट लांबणार, मग चौकशी. मी हट्टाला पेटले. मुलं हकनाक नापास होतायत सर, म्हटलं. शेवटी त्यांनी परवानगीसाठी फोन केला, मला बाहेर उभं करून. बाहेर आले ते तोडगा घेऊनच. बंडलं उघडायची, पण आठ लिहिलं असेल तरी चार मार्क, दहा लिहिलं असेल तरी चार.

"सर, आठ चूक आहे."

"चूक आमची आहे मॅडम. आठवाल्यांचे दिलेले मार्क आता कसे काढून घेऊ?"

मी पहिल्या बंडलाचं सील तोडायला घेतलं. त्यानंतरचे दोन दिवस आम्ही अकरा बंडलं पुन्हा तपासली, आणि ज्यांना मुळात चार होते त्यांचे चारच राहिलेत ना हेही पडताळलं. छत्तीसचे चाळीस मी स्वतः केले. तो पेपर कोणाचा होता, मुलाचा की मुलीचा, मला आजतागायत माहीत नाही. नंबर झाकलेला होता.

मी अजून मुलांना सांगते, उत्तराच्या पायऱ्या सोडू नका, प्रत्येक ओळ करून बघा. हेच तपासणाऱ्यांनाही सांगायला हवं. पण त्यांना कोणी परीक्षेला बसवत नाही.