कोरमवहिनींची गल्ली

कोरमवहिनी कुणाच्याही दारात गेल्या की आधी त्या माणसाच्या चपला शोधायच्या आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट मांडायच्या. मग म्हणायच्या, "चला, खाली मीटिंग आहे." समोर चपला तयार, दारात ही बाई हसत उभी. नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे. मी जळायचे त्यांच्यावर. उगीच सभ्यपणाचा आव कशाला आणू?

इथे परदेशात, वुडलँड्समधल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत, वर्षातून एकदा घरमालकांची सभा भरते. ठरलेली संख्या, म्हणजे कोरम, जमली नाही तर अर्धा तास ताटकळायचं. पूर्वी आम्ही सातआठ जण रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसायचो. वहिनी नाशिकहून आल्या, मधल्या ब्लॉकमध्ये घर घेतलं आणि पहिल्याच वर्षी तीस माणसं खाली उतरवली. चिनी आज्या, तमिळ आजोबा, कुणी काठी टेकत, कुणी व्हीलचेअरवर. तेव्हापासून सगळा कॉन्डो त्यांना कोरम आंटी म्हणू लागला. त्यांचं इंग्रजी म्हणाल तर 'कम, सिट, हँड अप' एवढंच! मी पुण्याच्या नामांकित कॉलेजातली, इथे बँकेत मॅनेजर, आणि लिफ्टमध्ये मला विचारायचे, "यू स्टे निअर कोरम आंटी, इज इट?"

घरातही तीच गत. माझ्या सासूबाई गुडघेदुखी मला सांगायच्या नाहीत, त्यांना सांगायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "आई, मी काय परकी आहे का?" तर म्हणाल्या, "तू लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतेस गं. ती आधी ऐकून घेते." आणि आमची कन्या वर तोंड करून इथल्या ढंगात, "ट्रू लाह, मम्मी." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या वर्षी सभेपुढे दोन विषय होते. स्विमिंग पूलमागच्या गल्लीचं 'सर्व्हिस रोड' हे रुक्ष नाव बदलायचं होतं, आणि केबल टीव्हीच्या ग्रुप रेटचा करार ठेवायचा की मोडायचा ते ठरवायचं होतं. तरुण मंडळी फोनवर सगळं बघतात, त्यांना करार नकोच होता. तो मोडला असता तर एकेकट्या घराला दुप्पट दर पडला असता. माझं सगळं लक्ष गल्लीवर. तिथे चाफ्याची, इंग्रजीत फ्रँजिपनीची, तीन झाडं आहेत. 'फ्रँजिपनी वॉक' हे नाव मी सुचवलं होतं आणि पाटी लागेल तेव्हा ती माझ्यामुळे लागली असं लोकांनी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. एकदा तरी माझ्यामुळे! दुसरं नाव होतं 'रंबुतान लेन', इथल्या एका फळावरून, बाराव्या मजल्यावरच्या, वहिनींच्या रांगेतल्या चिनी आजींनी सुचवलेलं. म्हणजे वहिनींचे तीस हात त्यांच्याच बाजूला जाणार हे उघड होतं.

मग मीही कंबर कसली. न येणाऱ्यांच्या वतीने मत देता यावं म्हणून प्रॉक्सीचे फॉर्म असतात, त्यांवर सह्या गोळा करत पंधरा दिवस हिंडले. आपली मराठी माणसं दिलदार. चहा पाजून सह्या दिल्या, वर "ताई, तुम्हीच जिंकणार" म्हणाली. वहिनींना बातमी कळलीच. लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "कागद कशाला गं? माणसं खाली आण." मी मनात म्हटलं, शिकवा आता मला.

सभेत कॉन्डोच्या मॅनेजरने माझा गठ्ठा चाळला आणि शांतपणे परत दिला. बावीसच्या बावीस सह्या भाडेकरूंच्या. सगळे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेले, भाड्याने राहणारे. मत फक्त घरमालकाला! हे मला, बँकेतल्या मॅनेजरला, सुचलं नव्हतं. ज्यांच्याकडे गणपतीला जातो त्यांच्याचकडे मी गेले होते. मान वर केली तर वहिनींच्या रांगेत सासूबाईंशेजारी माझा सख्खा नवरा! कागदोपत्री आमच्या घराचं मत त्याचंच. नंतर मी भांडले तेव्हा म्हणाला, "तू गावभर सह्या मागत हिंडलीस. मला 'खाली चल' कधी म्हणालीस?"

केबलचा करार वहिनींच्या तीस हातांमुळे टिकला. मग गल्लीचा विषय आला. वहिनी उठल्या, आजींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या, आजींनी मान डोलावली. वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हर नेम. गुड नेम. हँड अप." तीस हात वर! मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं. लहान पोराच्या हातावर खाऊ ठेवावा तसं त्यांनी ते नाव माझ्या हातावर ठेवलं. बाहेर मी फणकाऱ्याने विचारलं, "असं का केलंत?" तर म्हणाल्या, "अगं, म्हाताऱ्यांची टीव्हीची सोय झाली. पाटी तुझी तर तुझी. किती हिंडलीस तू!"

त्यांचे यजमान हार्बरफ्रंटच्या शिपिंग कंपनीतून निवृत्त झाले आणि दोघं नाशिकला परतले. निघताना मला म्हणाल्या, "बाराव्या मजल्यावरच्या आजींना बेल ऐकू येत नाही. दार जोरात वाजव हो." मी म्हटलं, "मी कशाला वाजवू?" त्या हसत टॅक्सीत बसल्या. टॅक्सी गेल्यावर मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? आता लोक मला विचारतील असं वाटलं होतं. कुणी विचारलं नाही.

या महिन्यात केबलचा करार पुन्हा सभेपुढे आला. संख्या भरेना. नवऱ्याला म्हटलं, "खाली चल," आणि मी बाराव्या मजल्यावर गेले. दार जोरात वाजवलं. आजींना सांगितलं, मीटिंग आहे, फ्रँजिपनी वॉकच्या टोकाला. आजींना कळेना. "वेअर?" पुन्हा सांगितलं, हळू, मोठ्याने. "वेअर?" माझी पाटी तिथे लागून दोन वर्षं झाली होती. शेवटी सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव घेतलं, "कोरम आंटी लेन."

"ओ! कोरम आंटी लेन!" आजींचा चेहरा उजळला. मी खाली वाकले आणि त्यांच्या चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून मांडल्या.