उगाच चालणं

बाबा गेल्यावर आईला मी आमच्या कापडे गावाहून महाडला माझ्या घरी आणलं. भाऊ मुंबईला, गावचं घर बंद झालेलं, भातशेती चुलत्यांनी करायला घेतलेली. आई सत्तरी ओलांडलेली, पण पाय काटक. सगळा जन्म बांधावरून आणि चढावरून चाललेली बाई. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तिला चालायला स्वयंपाकघर ते खिडकी एवढंच उरलं.

हळूहळू ती खिडकीशीच बसायला लागली. जेवण कमी झालं. दुपार झाली तरी केस विंचरलेले नसायचे. एकदा मी शाळेत शिकवून आले, तर घरात अंधार. आई मांडीवर तांदळाचं ताट घेऊन तशीच बसलेली, अर्धे निवडलेले, अर्धे तसेच. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय नाय. हातच उचलत नाय."

डॉक्टरांनी तिला झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग मला सांगितलं, हे नैराश्य आहे, लोक याला म्हातारपण समजून सोडून देतात. गोळ्या लिहून दिल्या आणि रोज चालवायला सांगितलं.

मग शाळेच्या आधी मी तिला चवदार तळ्याकडे न्यायला लागले. ती डोक्यावर पदर घेऊन माझ्या मागून यायची, चोरी केल्यासारखी. काम नसताना रस्त्यावर हिंडायची तिला लाज वाटायची.

"कुठं जायाचं?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

"कुठं नाही. फिरून परत घरी."

"परत घरीच येयाचं, मग जायाचं कशाला गो?"

मी पुढे चालत राहिले.

तळ्याकाठी एक म्हातारी काठी टेकत चालायची. तुडील गावची, मुलाकडे राहायला आलेली. गुडघ्यांमुळे घडीघडी थांबायची. एका सकाळी तिनं आईचा दंड धरला आणि म्हणाली, "माझ्यासंगं चल गो बाय. मी पडले तर कोन उचलंल?"

आईला काम मिळालं. दुसऱ्या दिवशी माझा चहा व्हायच्या आत ती पातळ बदलून दाराशी उभी. मग मला जावं लागेना. दोघी चालताना काय बोलायच्या ते आई घरी येऊन सांगायची: तुडीलला नदीत कुठले मासे मिळतात, तिची म्हैस कशी आडमुठी होती. भूक परतली. भांडीवाल्या बाईला तिनं कढई घासू दिली नाही, तुला जमत नाय म्हणाली. एकदा तर म्हशीचं सांगताना तिला हसू आवरेना. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या.

थंडीत ती तुडीलची बाई यायची बंद झाली. आई रोज तळ्यावर थांबून परत यायची. शेवटी मी चौकशी केली. ती घरात न्हाणीच्या दाराशी पडली होती. मुंबईला हॉस्पिटलात नेलं, तिथेच गेली. दिवसकार्यही उरकलं होतं.

मी सांगितलं तेव्हा आई पडवळ चिरत होती. तिचा हात विळीवर थांबला.

"पडली तवा तिला धरायला कोन होतं?"

"कोणी नव्हतं, आई."

तिनं उरलेलं पडवळ चिरलं. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मग कितीतरी दिवस अंथरुणावरून उठलीच नाही. गोळ्या पुन्हा वाढल्या. एका रविवारी आपणहून म्हणाली, तुडीलला जाऊ. आम्ही एसटीनं गेलो. त्या बाईच्या घराला कुलूप होतं. आई तिथे थांबली नाही. नदीची वाट विचारून ती भराभरा उतरली, मी मागे राहिले. सावित्रीच्या काठावर उभी राहून म्हणाली, "हितनं घरापत्तूर हंडं न्यायची ती. म्हनून गुडघं गेलं."

आता ती रोज सकाळी एकटी चालायला जाते. जेवते, झोपते. डॉक्टर म्हणतात, तब्येत छान सावरली. खरंच आहे ते. फक्त फिरून आल्यावर ती काही सांगत नाही. चपला काढते आणि थोडा वेळ दाराशीच उभी राहते.